छापील वृत्तपत्र आणि त्याची आंतरजालीय आवृत्ती : संहितेचा प्रश्न

वृत्तपत्राची छापील प्रत आणि त्याच वृत्तपत्राची आंतरजालावरील आवृत्ती यांची तुलना बहुधा सोयीच्या अंगाने केली जाते. एक पक्ष सकाळी दारात येऊन पडणाऱ्या कागदाचा गौरव करतो. दुसरा पक्ष वेग, विस्तार आणि अल्प खर्च यांचा दाखला देतो. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र या तुलनेत प्रथम विचारावा लागतो तो संहितेचा प्रश्न : आज जे प्रसिद्ध झाले ते उद्या त्याच शब्दांत सापडेल काय ?

मराठीच्या संदर्भात हा प्रश्न गौण मानता येणार नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला. तेव्हापासून मराठी वैचारिक गद्याची घडण फार मोठ्या प्रमाणात नियतकालिकांच्या पानांवरच झाली आहे. आगरकरांचे ‘सुधारका’तील किंवा शिवराम महादेव परांजपे यांचे ‘काळा’तील निबंध आधी वृत्तपत्रातील मजकूर होते, ग्रंथ ते मागाहून झाले. ज्या भाषेत निबंध हा वाङ्मयप्रकार वृत्तपत्राच्या आश्रयाने वाढला, त्या भाषेत वृत्तपत्राची संहिता अस्थिर होणे म्हणजे वाङ्मयेतिहासाचे एक साधनच अस्थिर होणे होय.

स्थिर संहितेचे मोल किती असते याचे ठळक उदाहरण १९०८ सालचे आहे. ‘केसरी’च्या १२ मेच्या अंकातील ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनच्या अंकातील ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. त्यांच्यापुढे लेख आले ते इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. टिळकांनी आपल्या प्रदीर्घ भाषणात या भाषांतरावरच आक्षेप घेतला; मूळ मराठी शब्दांचा भाव इंग्रजी प्रतिशब्दांनी विपर्यस्त केला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. निकाल विरुद्ध गेला, तरी वादाचा पाया दोन्ही पक्षांना समान होता. अर्थाविषयी मतभेद होता, शब्दांविषयी नव्हता. आजचा भाषांतरकारही तो अंक उघडून सरकारी भाषांतर आणि टिळकांचा आक्षेप यांपैकी कशात किती तथ्य होते, हे स्वतः ताडून पाहू शकतो. तारखेने बांधलेला आणि पुन्हा न बदलणारा अंक हा त्या परीक्षणाचा आधार आहे.

आंतरजालीय आवृत्तीत ही मर्यादा गळून पडते. सकाळी प्रसिद्ध झालेल्या लेखातील एखादे विशेषण दुपारी सौम्य होते, संध्याकाळी मथळा पालटतो, क्वचित सबंध लेखच नाहीसा होतो, आणि पत्ता मात्र तोच राहतो. बदलाची नोंद जोडण्याची शिस्त काही वृत्तपत्रे पाळतात, पुष्कळ पाळत नाहीत. अशा लेखावर टीका लिहिणाऱ्या समीक्षकाची स्थिती मोठी विचित्र होते. कारण त्याने उद्धृत केलेले वाक्य वाचकाला मूळ ठिकाणी आढळत नाही आणि प्रामाणिक समीक्षकच विपर्यासाचा धनी ठरतो.

येथे एक आक्षेप संभवतो. छापील वृत्तपत्राचीही संहिता एकच नसते. बाहेरगावी लवकर रवाना होणारी डाक आवृत्ती आणि रात्री उशिरा निघणारी शहर आवृत्ती यांत भेद असतोच. हस्तलिखितांच्या काळी तर पाठभेद हाच नियम होता. आक्षेप योग्य आहे. परंतु त्यातूनच खरा भेद स्पष्ट होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती निरनिराळ्या प्रती उपलब्ध होत्या म्हणून. नकलकाराने केलेला बदल त्याच्या प्रतीपुरता राही. आधीची प्रत त्यामुळे नष्ट होत नसे. डाक आवृत्तीही शहर आवृत्तीने पुसली जात नाही. जालावरील नवा पाठ मात्र जुन्या पाठाच्या जागीच येऊन बसतो. पाठभेद होतात आणि त्यांचा पुरावा उरत नाही. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही अवस्था हस्तलिखितांच्या युगाहूनही बिकट आहे.

आणखी एक हानी मराठीसारख्या भाषांच्या वाट्याला विशेषत्वाने आली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देशी भाषांतील अनेक वृत्तपत्रे जालावर आपापला खास फाँट वापरीत. तो फाँट संगणकावर नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. त्या काळातील जे लेखन पुढे रूपांतरित झाले नाही ते आता वाचकाच्या दृष्टीने असून नसल्यासारखे आहे. उलट छापील अंकाच्या जतनाची काही तरी व्यवस्था कायद्याने केलेली आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना ग्रंथ पाठविण्याविषयीचा १९५४ चा कायदा १९५६ मध्ये वृत्तपत्रांनाही लागू करण्यात आला. ही व्यवस्था कितीही ढिली असली, तरी जुना अंक कोठे शोधावा एवढे तरी तिच्यामुळे कळते.

असे असले तरी आंतरजालीय आवृत्तीचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. भारतात ‘द हिंदू’ने १९९५ मध्ये जालावर पदार्पण केले आणि पुढे देशी भाषांतील पत्रे त्या वाटेने गेली. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी वाचकाला पूर्वी मुंबई-पुण्याच्या अंकासाठी टपालाची वाट पाहावी लागे. आज तो आणि पुणेकर एकाच घटकेला तोच अग्रलेख वाचतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुंबईत छापील अंकांचे वितरण थांबले, तेव्हा वृत्तपत्र आणि वाचक यांचा संबंध जालाने टिकविला. चुकीची दुरुस्ती मूळ मजकुरालाच जोडता येणे, हाही लहान गुण नव्हे. छापील पत्रातील दुरुस्ती दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात येते आणि चूक वाचलेल्यांपैकी थोड्यांच्याच दृष्टीस पडते.

भाषेवरील परिणाम मात्र संमिश्र आहे. छापील मथळ्याला स्तंभाची रुंदी मोजून घ्यावी लागते. त्या बंधनातून मराठीत नेटक्या, क्रियापदप्रधान वाक्याची एक शैली घडली. ‘धरणातून पाणी सोडले’ या तीन शब्दांत बातमी संपते. जालावर तिचाच मथळा ‘धरणातून पाणी सोडले अन्… नेमके काय घडले, जाणून घ्या’ असा होतो. पहिला मथळा माहिती देतो; दुसरा ती राखून ठेवतो, कारण वाचकाने आत येणे हे त्याचे प्रयोजन आहे. छापील पत्रे भडकपणापासून मुक्त होती असे नाही. पण मथळ्याने बातमी सांगावी हा संकेत त्यांनी सहसा मोडला नव्हता.

मांडणीचेही असेच आहे. छापील पान म्हणजे संपादकाने केलेले मूल्यमापन असते. रविवारच्या पुरवणीत काव्यसंग्रहाचे परीक्षण वाचणारा प्रत्येक वाचक ते शोधत आलेला नसतो. शेजारचा लेख वाचताना त्याची नजर तेथे जाते. जालावर लेख बहुधा सुटा पोचतो, त्याला शेजार नसतो. शोधणाऱ्याला तो तत्काळ मिळतो, न शोधणाऱ्याला त्याचे अस्तित्वही कळत नाही. नव्या कवीला गरज असते ती या दुसऱ्या वाचकाची.

वृत्तपत्रे पडद्यावर पानांची हुबेहूब प्रतिमा देतात, तो ‘ई-पेपर’ येथे उद्बोधक ठरतो. त्यात कागद नाही, तरी अंक आहे, तारीख आहे, शेजार आहे. यावरून दिसते की खरा विरोध कागद आणि पडदा यांचा नसून बांधील संहिता आणि बेबंद संहिता यांचा आहे. म्हणून जालावरील आवृत्तीकडून अपेक्षा करावयाची ती एवढीच : लेखावर प्रथम प्रसिद्धीची तारीख असावी, प्रत्येक बदलाची नोंद असावी, आणि आधीचा पाठ वाचकाला पाहता यावा. समीक्षकानेही आपण कोणत्या दिवशीचा पाठ वाचला हे नमूद करावे. १९०८ च्या न्यायालयात टिळकांना ‘माझा शब्द हा नव्हे’ असे म्हणता आले, कारण त्यांचा शब्द कोणता होता हे अंकात छापलेले होते. उद्याच्या लेखकाला आणि त्याच्या भाषांतरकारालाही तेवढी शाश्वती मिळाली पाहिजे.