अमराविक्खेप आणि ‘नामविस्तार’

ब्रह्मजालसुत्तातील ६२ मतांपैकी चार अमराविक्खेपाची आहेत. अमरा नावाचा मासा पाण्यात वरखाली धावतो, हाती लागत नाही, असे अट्ठकथा सांगते. निश्चित उत्तर टाळणाऱ्या श्रमणाची तीच गत. सुत्त त्याची कारणेही देते: असत्याचे भय, उपादानाचे भय, उलटतपासणीचे भय आणि शेवटी मंदबुद्धी.

काही अभ्यासक बुद्धांच्या अव्याकृतालाही याच पंक्तीत बसवितात. ते आम्हांस मान्य नाही. चूळमालुंक्यसुत्तात भगवंत काय सांगितले नाही, का सांगितले नाही आणि काय सांगितले, हे तिन्ही स्पष्ट करतात. टाळाटाळ आपले कारण लपविते. बुद्धांचे मौन ते उघड करते.

याच कसोटीवर ‘नामविस्तार’ हा शब्द पारखावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर हिंसक जमावांनी दलित वस्त्या जाळल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव आले ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. ‘विस्तार’ म्हणताच काय जोडले ते कळते. मूळ ठराव का बदलला, हा प्रश्न मात्र झाकला जातो. हे सुत्तातील तिसरे भय होय. तो दिवस आम्ही आदराने पाळतो. लढ्याचे नाव मात्र ‘नामांतर’ असेच लिहिले पाहिजे.