शेवटचं कडवं कुणी कापलं?

चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की दरवर्षी एकच रडगाणं ऐकू येतं. डीजेनं भीमगीताचं वाटोळं केलं म्हणे! म्हणणारे बहुतेक आपलेच, दोन पुस्तकं जास्त वाचलेले. दोस्तहो, मला हे पटत नाही. भोंगा मोठा झाला म्हणून गाणं मरत नसतं. गाणं नेमकं कुठून कापलं गेलं ते बघा. टीका करायची तर तिथं करू.

आधी आपल्या गावाकडं बघू. दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातल्या वस्त्या कोयता घेऊन निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मुकादमाची उचल अंगावर, अन् चार-पाच महिने कोपीत. फडावर ना विहार, ना सभा, ना शाहीर. तिथं खिशातला मोबाईल हाच जलसा. पूर्वी दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा, आता यूट्यूब आहे. उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या पोराला बाबासाहेब त्यातनंच भेटतात. त्या पोराला कुणी संस्कृतीच्या ऱ्हासावर व्याख्यान देऊ नये. निदान कोपीत एक रात्र काढल्याबिगर तरी नाही.

पण त्याच्या कानात जे पोचतं ते काय आहे?

भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात नाशिककडं जलसा उभा केला तेव्हा साचा तमाशाचा घेतला अन् माल बदलला. सवाल-जवाब, बतावणी, सोंगं. पाणवठ्यावरचा दांडगा, पोथीवाला भट, देवऋषी, दारू पिऊन बायकोला मारणारा आपलाच भाऊ, सगळे त्या उजेडात उभे करता येत. समोरची माणसं बहुतेक निरक्षर, पण रात्रभर बसून वाद ऐकत. लक्षात घ्या, ती नुसती स्तुती नव्हती, वाद होता.

हा वाद वामनदादांनी चार-पाच कडव्यांत बसवला. वामनदादा कर्डक, १५ ऑगस्ट १९२२ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकलेला माणूस. त्यांच्या गाण्याची बांधणी बघा. धृपद हाक मारतं. मधली कडवी मुद्दा पुढं नेतात, दाखले देतात, कधी आपल्याच पुढाऱ्यांच्या कानाखाली वाजवतात. आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ही नाममुद्रा. संतांची रीत, शाहिरांची रीत. ज्याचं पुस्तक नाही, कोर्ट-कचेरी नाही, त्याचा मालकी हक्काचा कागद म्हणजे ते शेवटचं कडवं. साहित्याच्या इतिहासवाल्यांनी याच्याकडं फारसं बघितलं नाही. त्यांना मुद्रा अभंगात दिसते, भीमगीतात दिसत नाही. का दिसत नाही ते सांगायला नको.

कॅसेट आली तेव्हाही मुद्रा टिकली. १९८०च्या दशकात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप टपरीटपरीवर वाजले. चाली पुष्कळदा सिनेमाच्या घेतल्या, वेष्टणावर गायकाचं नाव ठळक आणि कवीचं बारीक, हे सगळं खरं. पण गाणं आख्खं होतं. रिवाइंड करून का होईना, पोरगं शेवटापर्यंत जायचं.

रिंगटोननं अन् रीलनं तिथं कात्री लावली. तीस सेकंद. त्यात धृपद राहतं, फार तर अर्धं कडवं. मुद्दा गेला, दाखला गेला, आपल्याच पुढाऱ्याला मारलेली चपराक गेली, अन् वामनही गेला. जयघोष शिल्लक. कंपनीला तेवढाच लागतो. जयघोषाआधी साबणाची जाहिरात चालते, वादाआधी चालवायला तिलाही जड जाईल.

इथवर आल्यावर काही मित्र म्हणतील, मग तीस सेकंदांचं गाणं कुचकामी. थांबा. मे २०१५मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका पोराला मारून टाकलं. भांडण कशावरनं? त्याच्या मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरनं, असं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. मारणाऱ्यांनी दुसरं कडवं ऐकलं नव्हतं. त्यांना धृपद पुरलं. १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आपली घरं पेटली, तेव्हाही भांडण एका नावाचंच होतं. सोळा वर्षं लागली, १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. म्हणून नाव मोठ्यानं घेणं ही इथं साधी गोष्ट नाही. डीजेला नाकं मुरडणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. एवढंच की, ज्या गाण्यापायी माणसं मरतात ते अर्धंच ठेवून आपल्याला चालेल का?

यंत्राला दोष देऊन मोकळं होता येत नाही. यंत्रानं आपल्याला पुष्कळ दिलंय. १९४६ला बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसना पत्र लिहिलं, ते टपालानं. १९७२ला पँथरचं नाव अमेरिकेतनं आलं, ते छापील बातमीतनं. आज जालंधरची गिन्नी माही पंजाबीत बाबासाहेब गाते अन् ते आपल्या फडावर ऐकता येतं. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गायच्या, मोबाईलच्या व्हिडिओनं त्या महाराष्ट्रभर पोचल्या. कुठल्या रेडिओ केंद्रानं पोचवलं असतं त्यांना?

अन् एक दाखला तर आपल्या तालुक्यातलाच. १९९६ साली हेमा राईरकर अन् गी पॉइटवँ यांच्या मंडळींनी माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांकडनं बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. पुढं २०१७पासून पी. साईनाथांच्या 'परी'नं हा सगळा ओव्यांचा साठा इंटरनेटवर मांडायला घेतला. तिथं ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका लिहिलेला असतो. दळणाऱ्या बाईनं नाममुद्रा कधी मागितली नव्हती, तरी तिला ती मिळाली. तेच यंत्र, तोच पडदा, फक्त लावणाऱ्याचं डोकं वेगळं.

मी वस्तीतल्या चार-पाच पोरांना विचारलं, ह्या ओव्या ऐकल्या का? एकानंही ऐकल्या नव्हत्या. त्यातल्या एकाला मी फोनवर लावून दाखवल्या. ओवी दोन ओळींची असते. वीस सेकंदांत आख्खी झाली, कापायला काही उरलंच नाही. त्यानं ती पुन्हा लावली अन् विचारलं, "ही बाई कोणाच्या घरची?"