लवचिक घूर्णी यंत्रांतील सक्रिय कंपन-नियंत्रण : एक चिकित्सा

प्रस्तावना : पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे तालुके ऊस आणि उद्योग या दोहोंवर उभे आहेत. साखर कारखान्यातील वाफेची टर्बाइन असो वा रांजणगाव आणि कुरकुंभ औद्योगिक वसाहतींतील पंप, पंखे व कॉम्प्रेसर असोत, फिरत्या शाफ्टचे कंपन हा सर्वत्र चिंतेचा विषय असतो. संशोधन-निबंधांतून यावर सक्रिय नियंत्रणाचा उपाय हिरिरीने मांडला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : क्रांतिक गतीपलीकडे शाफ्ट स्थिर चालू शकत नाही, असे रँकिन यांनी १८६९ मध्ये प्रतिपादन केले. द लाव्हाल यांच्या लवचिक शाफ्टच्या टर्बाइनने ते खोडून काढले. जेफकॉट यांनी १९१९ मध्ये त्याची उपपत्ती दिली : क्रांतिक गती ओलांडल्यावर वस्तुमानमध्य परिभ्रमण-अक्षाकडे सरकतो व रोटर स्वतःच सावरतो. असंतुलनापुरता खरा धोका ती गती ओलांडतानाचा आहे. तेथे चुंबकीय बेअरिंग हवे तेव्हा, हवे तेवढे अवमंदन पुरवू शकते. हे या पद्धतीचे निर्विवाद सामर्थ्य होय.

मर्यादा : तथापि अनेक निबंधांतील प्रारूप एकाच चकतीचे व ताठ पायाचे असते. प्रत्यक्ष यंत्रात पायाही हलतो. मोजक्या कंपनरूपांसाठी रचलेला नियंत्रक प्रारूपात न धरलेल्या रूपांना चेतवू शकतो. वीज खंडित झाल्यास रोटर झेलण्यासाठी राखीव बेअरिंग ठेवावेच लागते. ग्रामीण भागात ही बाब गौण मानता येणार नाही.

शिवाय मूळ कारणाकडे दुर्लक्ष होते. १०० किलोग्रॅमच्या रोटरचा वस्तुमानमध्य अक्षापासून ०.०५ मिलिमीटर ढळला, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीस सुमारे ४९३ न्यूटन, म्हणजे रोटरच्या वजनाच्या निम्मे, फिरते बल निर्माण होते. ६००० फेऱ्यांना ते चौपट होते. हे बल संतुलनाने मुळातच घटविता येते. ते न करता नियंत्रक बसविणे म्हणजे रोग तसाच ठेवून लक्षण दाबणे होय.

निष्कर्ष : संतुलन, संरेखन व पायाची दुरुस्ती यांनंतरच सक्रिय नियंत्रणाचा क्रम लागतो. परिसरातील महाविद्यालयांनी केवळ संगणकीय आलेखांवर समाधान न मानता कारखान्यातील मोजमापांवर आपली प्रारूपे पारखली, तरच या संशोधनाचा लाभ यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगारापर्यंत पोहोचेल.