विक्रमांच्या वहींतील वर्ण

बेसबॉलचे आकडे अमेरिकन रसिकाला वेदवाक्याप्रमाणें वाटतात. परंतु आकडाहि लिहिणाऱ्याच्याच दृष्टीनें पाहतो. कृष्णवर्णीय फलंदाज जोश गिब्सन १९४७ च्या जानेवारींत वारला. त्याच्या वर्णास बंद असलेलें मोठ्या लीगचें दार जॅकी रॉबिन्सननें एप्रिलांत उघडलें. गिब्सनचे सामने गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनीं बहुधा उपेक्षिले. मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांवरून संशोधकांनीं पुढें हिशेब जुळविला. २०२४ सालीं गिब्सनची, दर हजार खेळींस ३७२ यशस्वी टोल्यांची, सरासरी अधिकृत ठरली आणि टाय कॉबची ३६७ ची मागें पडली. ‘सामने थोडे, मग तुलना कशी?’ असा आक्षेप ऐकूं येतो. पण ते थोडे कोणामुळें राहिले? आमच्या मतें हा उपकार नव्हे, ऋणाची फेड आहे. आणि तीहि अपुरी, कारण जे सामने कोणीं टिपलेच नाहींत ते आतां कोणत्याच वहींत सांपडणार नाहींत.