सुस्त म्हणजे किती?

शिरवण्यात मी भाड्याने राहते त्या चाळीत वरच्या मजल्यावर नुकतंच एक बाळ आलंय. आई परभणीकडची, नवरा एमआयडीसीत, त्या आठवड्यात रात्रपाळीवर. बाळ सहा दिवसांचं असताना रात्री साडेदहाला ती त्याला घेऊन खाली आली. हातात माता-बाल संरक्षण कार्ड. "ताई, तुम्ही ह्याचंच शिकता ना? बाळ सुस्त झालं तर लगेच न्यायचं म्हणतात. पण सुस्त म्हणजे किती?"

प्रश्न अगदी रास्त. सहा दिवसांचं बाळ दिवसातले सोळा-सतरा तास झोपतंच. मी नवजात बाळांच्या घरच्या काळजीवर पीएचडी करते आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही. मग वाटलं, या सल्ल्याच्या मुळाशी असलेला पेपर पुन्हा वाचावा आणि त्याचं पुढे काय झालं ते लिहावं.

पेपर आपल्याकडचाच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा, गडचिरोलीतला, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. ३९ गावांत प्रयोग, ४७ गावं तुलनेसाठी. गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरी जायच्या, वजन करायच्या, बाळाला ऊब कशी द्यायची आणि अंगावर कसं पाजायचं ते दाखवायच्या. आणि सेप्सिस, म्हणजे शरीरभर पसरणारा जंतुसंसर्ग, ओळखून त्यावर स्वतः उपचार करायच्या. त्यात जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा होतं! तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत होती, उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के.

पेपरात खोट नाही असं नाही. कुठल्या गावांत प्रयोग करायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. सगळे उपाय एकत्र दिल्यामुळे कशाने किती जीव वाचले हे त्यातून सुटं होत नाही. २००५ मध्ये याच गटाने तसा हिशोब मांडला. वाचलेल्या जिवांपैकी ३६ टक्क्यांचं श्रेय सेप्सिसच्या उपचाराला, ३४ टक्क्यांचं कमी वजनाच्या बाळांच्या काळजीला. प्राथमिक प्रतिबंधाच्या वाट्याला एक आकडी टक्के. हा अंदाज आहे, मोजमाप नाही. तरी दिशा कळते.

आता पुढची गोष्ट. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरी भेटी द्या असं संयुक्त निवेदन काढलं. २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत एचबीएनसी देशभर सुरू केलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या पूर्ण केल्या की आशाला २५० रुपये. इंजेक्शन मात्र आशाच्या पिशवीत आलं नाही. २०१४ मध्ये काही ठरावीक परिस्थितीत ते एएनएमना द्यायची मुभा मिळाली.

इंजेक्शन गेलं म्हणून सगळं बिघडलं, अशी टीका सोपी आहे आणि मला ती अर्धीच पटते. उत्तर प्रदेशात शिवगड इथे इंजेक्शनशिवाय, फक्त घरच्यांच्या सवयी बदलून नवजात मृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००८ साली 'लॅन्सेट'मध्येच छापून आलंय. पण तिथे बहुतेक बाळंतपणं घरी व्हायची, जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालायची रीत होती. म्हणजे सल्ल्याने बदलावं असं घरात पुष्कळ होतं. शिरवण्यात बाळंतपण दवाखान्यात होतं आणि इंजेक्शन रिक्षाच्या अंतरावर आहे. इथे मला वेगळीच गोष्ट हरवलेली दिसते.

गडचिरोलीत ठरवायचं काम त्या गावातल्या कार्यकर्तीचं होतं. ती तिथेच राहायची, पहिल्या आठवड्यात वारंवार यायची, शंका आली तर तिला बोलावता यायचं. ती श्वास मोजायची, खुणा जुळवायची आणि सांगायची: हे आजारी आहे, हे नाही. तिच्या कामावर देखरेख करणारं माणूस दर पंधरा दिवसांनी यायचं. आपल्या योजनेत आशाही वजन-ताप बघते, पण पहिल्या आठवड्यात दोनदाच. मधल्या रात्री आईच्या हातात उरते धोक्याच्या खुणांची यादी. जे कौशल्य शिकवायला प्रशिक्षण आणि देखरेख लागली, ते सल्ल्याच्या एका ओळीत गुंडाळून बाळंतिणीकडे सोपवलं. वर तिने उशीर केला तर 'पालकांमध्ये जागरूकता नाही' म्हणायला आपण मोकळे.

शहरात तर आणखी गंमत. (गंमत कसली म्हणा.) नागरी आरोग्य अभियानात एका आशाकडे वस्तीतली २०० ते ५०० घरं असतात. भाडेकरू खोल्या बदलतात. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि दीड-दोन महिन्यांचं बाळ घेऊन परत येते. तोवर सहाही भेटींचे दिवस उलटून गेलेले. माहेरच्या आशाने भेटी दिल्या की नाहीत, हे इथल्या आशाला कोण सांगणार?

खुणांमध्येही फरक असतो. 'सुस्त', 'रडणं क्षीण', 'नीट पीत नाही' यासाठी आधी बरंच काही पाहिलेलं असावं लागतं. 'मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास' हे मोजता येतं. ज्यांना आकडे येत नव्हते अशा कार्यकर्तींसाठी बंग यांच्या गटाने मण्यांचं श्वासमापक बनवलं होतं. त्यांच्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग हाच. नुसतं 'लक्ष ठेवा' म्हणण्यापेक्षा त्यांनी मोजायचं कसं ते हातात दिलं.

त्या रात्री आम्ही तेच केलं. बाळ शांत असताना पोटाची हालचाल बघत, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजलं. ४४. पुन्हा मोजलं, ४६. छाती आत ओढली जात नव्हती, तळपाय गार नव्हते. तळव्याला टिचकी मारून जागं केलं तर चिडून रडलं आणि अंगावर घेताच प्यायला लागलं. तरी मी म्हटलं, "अगं, मी डॉक्टर नाही. पुढच्या वेळी उठलं नाही किंवा प्यायलं नाही तर मोजत बसू नकोस, मला हाक मार, रिक्षा करून जाऊ." ती मान डोलावून वर गेली. दीड वाजता पुन्हा दार वाजलं. बाळ ठीक होतं, तिला फक्त आणखी एकदा मोजून बघायचं होतं.