एका अहवालापुरतं नाव बदलताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी केलेला माझाच एक अहवाल परवा पुन्हा उघडला. आलेख देखणे, सगळी लेबलं सुटसुटीत मराठीत. आणि त्यातली निदान तीन लेबलं चुकीची! आकडे बरोबर होते, चुकली होती ती नावं. तुमच्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी सगळ्यांच्या सामायिक डेटासेटवर स्वतःचा अहवाल बांधावा लागणार आहे, म्हणून आज त्या अहवालाचीच चिरफाड करते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (२०१९-२१) निर्देशक आम्ही पॉवर बीआयमध्ये एका डेटासेटमध्ये ठेवले होते. त्यावर चार-पाच जणांचे वेगवेगळे अहवाल चालायचे. माझा अहवाल एका गावातल्या बैठकीत दाखवायचा होता. मूळ लेबलं लांबलचक इंग्रजी. ती तशीच ठेवली असती तर कुणी वाचलीच नसती. तेव्हा नावं बदलली यात काही चूक नव्हती.

चूक पुढे झाली. मूळ निर्देशक असा आहे: बँक किंवा बचत खातं असलेल्या आणि ते स्वतः वापरणाऱ्या महिला, देशभरात ७८.६ टक्के. जागा कमी पडते म्हणून मी लिहिलं, ‘बँक खातं असलेल्या महिला’. बैठकीत बचत गट चालवणाऱ्या एक काकू म्हणाल्या, “अगं, खातं तर आता सगळ्यांचंच असतं. पासबुक कुणाच्या हातात असतं ते विचार की.” मी मान डोलावली आणि म्हणाले, हो, हा चांगला मुद्दा आहे, पुढच्या अभ्यासात बघू. सर्वेक्षणाने तो प्रश्न आधीच विचारला होता. उत्तर पडद्यावर होतं. ‘स्वतः वापरणाऱ्या’ हे दोन शब्द मीच खोडले होते!

आरोग्यविम्याचं तसंच. ४१ टक्के हा आकडा कुटुंबांचा आहे, ज्यांच्यात किमान एका सदस्याला विमा किंवा आरोग्य योजनेचं संरक्षण आहे अशा कुटुंबांचा. माझं लेबल होतं ‘विमा असलेले लोक’. पाच जणांच्या घरात एकट्या आजोबांना विमा असेल तरी ते घर इथे मोजलं जातं. लेबल बदलताना मी छेदच बदलला, आणि तोही नुसत्या शब्दांनी. असली चूक कुठलंही सॉफ्टवेअर लाल अक्षरात दाखवत नाही. इंटरनेटचंही तेच: ३३.३ टक्के महिलांनी ते ‘कधीतरी’ वापरलंय, माझ्या अहवालात त्या थेट ‘इंटरनेट वापरणाऱ्या’ झाल्या.

संपत्तीच्या सर्वांत खालच्या गटाला मी ‘गरीब’ म्हटलं नाही हे नशीब. नाहीतर कुणीतरी रेशन कार्डाशी ताडून बघितलं असतं. तो गट उत्पन्न विचारून ठरत नाही. घरातल्या वस्तू आणि सोयींवरून क्रम लावून देशाचे पाच सारखे भाग करतात. देश कितीही श्रीमंत झाला तरी खालचे २० टक्के राहणारच.

आता तांत्रिक भाग, कारण इथेही मी माती खाल्ली. माझ्याकडे डेटासेट बदलण्याचा अधिकार होता, म्हणून सुरुवातीला मी मूळ मॉडेलमध्येच नावं बदलली. वेगळ्या फाइलमधून त्याला जोडलेले इतरांचे अहवाल जुनं नाव शोधत बसले आणि त्यांचे आलेख तुटले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझं काय स्वागत झालं ते सांगत नाही. नाव फक्त तुमच्या अहवालापुरतं हवं असेल तर आलेखाच्या फील्डच्या यादीत त्या नावावर डबल-क्लिक करून बदला; मॉडेल जसंच्या तसं राहतं. पण हा बदल त्या एकाच आलेखापुरता असतो. एकच निर्देशक पान दोनवर एका नावाने आणि पान पाचवर दुसऱ्या नावाने छापण्याचा पराक्रम मी असाच केला. त्याऐवजी अहवालाच्या फाइलमध्ये एक नवा मेजर बनवा, जो मूळ मेजरकडे नुसता बोट दाखवेल आणि नाव तुमचं असेल. तो अहवालभर वापरता येतो आणि मूळ नाव कुठलं होतं हे सूत्रात दिसत राहतं. कॉलमसाठी मात्र ही युक्ती चालत नाही.

मार्गदर्शकांना आलेखावर लांब लेबल अजिबात आवडत नाही. ‘उरलेलं तळटीपेत टाक’ असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. बैठकीत पडद्यावरची तळटीप मागच्या रांगेतून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. घटक, वयोगट, वर्ष खाली गेलं तर चालेल. पण कुणाला मोजलं आणि कोणत्या अटीवर, हे नावातच हवं.

सुधारलेल्या आवृत्तीत खात्याचं लेबल दोन ओळींत बसतं आणि आलेख जरा बेढब दिसतो. काकूंना तो दाखवायचा अजून राहिलाय.