गाणं संपेपर्यंतचं स्पॅनिश

अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांमध्ये नाचणाऱ्या इंग्रजीभाषक बायका कामापुरतं स्पॅनिश अनेकदा एकमेकींकडूनच शिकतात. शो सुरू होण्याआधी, मेकअपच्या आरशासमोर, जुनी नर्तिका नवीला वीसेक वाक्यं सांगते आणि नवी ती पाठ करते. त्यांची गरज उघड आहे. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेतल्या 6 कोटी 21 लाख लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक म्हणून केली. टेक्सास, फ्लोरिडा, नेवाडा, कॅलिफोर्निया या राज्यांत आठवडाभर घरांची छपरं घालणारा, शेतात राबणारा, हॉटेलच्या मोरीवर भांडी घासणारा मेक्सिकन किंवा होंडुरन माणूस शनिवारी रात्री अशा क्लबात येऊन बसतो. त्याचं इंग्रजी तोकडं, तिचं स्पॅनिश तोकडं. मधे एक टेबल आणि कानठळ्या बसवणारं संगीत.

ही वीस वाक्यं मला फार आवडतात. कामचलाऊ म्हणून कुणी बाजूला सारावीत अशी ती नाहीत. चांगल्या नाटकातल्या संवादात जे असतं, म्हणजे कमी शब्द, नेमका हेतू आणि बोलणाऱ्याची जागा दाखवणारं व्याकरण, ते सगळं इथे आहे. म्हणून त्यांचं रीतसर रसग्रहण करावंसं वाटतं.

आधी त्यांची लांबी पाहा. बहुतेक वाक्यं तीन-चार शब्दांची. क्लबात वेळ घड्याळावर मोजत नाहीत, गाण्यांवर मोजतात. खाजगी नाचाचा दर गाण्यामागे असतो, पुष्कळ ठिकाणी एका गाण्याला 20 डॉलर. शिवाय बऱ्याच क्लबांत नर्तिकेला पगार नसतो. उलट त्या रात्री नाचायला मिळावं म्हणून तीच क्लबला ‘हाउस फी’ भरते, आणि मिळालेल्या पैशांतून डीजेला, दारावरच्या माणसाला वाटा देते. म्हणजे रात्रीची सुरुवात तिच्यासाठी वजाबाकीतून होते. एका टेबलाशी पाच मिनिटं फुकट गेली तर ती तिच्या खिशातून जातात. अशा ठिकाणी वाक्य पाल्हाळिक असूच शकत नाही. वाक्यांचा नादही कामाला येतो: स्पॅनिशचे पाच स्वर स्वच्छ, मोकळे आणि ठाम. बहुतेक शब्द स्वरावर संपणारे. व्यंजनं स्पीकरच्या ढणढणाटात बुडाली तरी स्वर कानापर्यंत पोचतात.

पहिलं वाक्य अर्थातच ‘कियेरेस उन बाइले?’, एक नाच हवा का? यातला ‘उन बाइले’ ऐका. नाच इथे मोजता येणारी, दर असलेली वस्तू झाला आहे. याच्या शेजारी मेक्सिको शहरातल्या नृत्यशाळांमधला जुना प्रश्न ठेवला की फरक लख्ख दिसतो. तिथल्या ग्वेरेरो वस्तीत 1937 पासून ‘सालोन लोस आंखेलेस’ नावाचं नृत्यगृह आहे. तिथे दान्सोन आणि माम्बोच्या तालावर पुरुष समोरच्या बाईला विचारतो, ‘बाइलामोस?’ म्हणजे नाचूया? क्रियापद आहे, आणि त्यात ‘आपण’ बसलेला आहे. दोघं नाचणार, दोघांचे पाय चुकणार. क्लबातल्या वाक्यात हे ‘आपण’ गळून पडलं आहे. ती नाचणार, तो पाहणार. कुणाला यात रूक्षपणा वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ‘बाइलामोस?’ असं विचारून तिने जवळिकीचा आभास केला असता तर गाणं संपल्यावर पैसे मागताना दोघांनाही अवघड झालं असतं.

नंतर नाव. ‘मे यामो एस्त्रेया.’ स्पॅनिशमध्ये नाव सांगताना माणूस शब्दशः ‘मी स्वतःला अमुक म्हणते’ असं म्हणतो. रोजच्या वापरात हा अर्थ झिजून गेला आहे, कुणी त्याच्याकडे पाहत नाही. पण रंगमंचासाठी वेगळं नाव घेणाऱ्या बाईच्या तोंडी तो पुन्हा जिवंत होतो. ‘सोय एस्त्रेया’, मी एस्त्रेया आहे, असं ती म्हणाली असती तर ते खोटं ठरलं असतं. ‘मे यामो एस्त्रेया’ शंभर टक्के खरं आहे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात ती स्वतःला तेच म्हणते. खरं नाव घरी ठेवूनही खोटं न बोलण्याची सोय भाषेनेच करून ठेवली आहे.

‘एस्तास सोलो?’ हा प्रश्नही असाच. स्पॅनिशमध्ये ‘असणे’साठी दोन क्रियापदं आहेत: ‘सेर’ मूळ स्वभावासाठी, ओळखीसाठी, ‘एस्तार’ आत्ताच्या अवस्थेसाठी. एकट्या बसलेल्या माणसाला ती ‘एस्तार’ वापरून विचारते, आत्ता एकटा आहेस का? एकटेपणा त्याच्यावर शिक्का म्हणून बसत नाही. आजच्या संध्याकाळपुरता, या खुर्चीपुरता राहतो. हजारो मैल दूर, बायकामुलांना दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती हळुवार वाटत असेल याची कल्पना करावी. व्याकरण शिकवणारे गुरुजी हा नियम तक्त्यात मांडतात. त्या खुर्चीशी तो नियम माणुसकीचं काम करतो.

आणि मग सगळ्यात मोलाचं वाक्य: ‘दे दोंदे एरेस?’ कुठला तू? धंद्याच्या दृष्टीने या प्रश्नाने एक पैसाही मिळत नाही. पण जाणत्या नर्तिका तो सोडत नाहीत, कारण इथे पहिल्यांदा बोलण्याची पाळी त्याच्याकडे जाते. तो ‘मिचोआकान’ म्हणेल, ‘तेगुसिगाल्पा’ म्हणेल, आणि त्या एका शब्दात त्याचा चेहरा मोकळा होईल. दिवसभर ठेकेदाराने त्याला नुसती कामं सांगितलेली असतात, गाव कुणी विचारलेलं नसतं. कान तयार असलेल्या नर्तिकेला उत्तराआधीच पुष्कळ कळतं. त्याने तिला उलट ‘दे दोंदे सोस?’ असं विचारलं तर तो मध्य अमेरिकेतला असण्याची शक्यता मोठी, कारण होंडुरास, एल साल्वादोर, निकाराग्वा इथे ‘तू’च्या जागी ‘वोस’ चालतो. आणि एखादा वयस्कर माणूस ‘उस्तेद’ म्हणाला, म्हणजे तिला अहो-जाहो करू लागला, तर ते मुळीच थट्टेने नसतं. ‘उस्तेद’ हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’पासून झिजत आला, आपल्याकडच्या ‘महाराज’सारखा मानाचा. अर्ध्या उजेडात, जवळजवळ उघड्या अंगाच्या बाईला एक गवंडी ‘आपण’ म्हणतो, तेव्हा तिनेही ‘उस्तेद’वर यावं. या देवाणघेवाणीत जी अदब आहे ती पुष्कळ सुसंस्कृत बैठकांत दिसत नाही.

पण या सगळ्या वाक्यांत सर्वश्रेष्ठ कोणतं असं विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता ‘नो से तोका’ सांगेन. स्पर्श करायचा नाही. हेच ‘नो मे तोकेस’ असंही सांगता येतं: मला हात लावू नकोस. ते वाक्य बरोबर आहे, आणि वेळ आली की तेच वापरावं लागतं, मोठ्याने, दारावरच्या माणसाला ऐकू जाईल असं. पण त्यात ‘मला’ आणि ‘तू’ समोरासमोर उभे राहतात. तो पुरुष मित्रांदेखत दटावला जातो. मग त्याचा अहंकार जागा होतो आणि त्याची किंमत नर्तिकेला मोजावी लागते. ‘नो से तोका’मध्ये कर्ताच नाही. ‘मी’ नाही, ‘तू’ नाही. नुसती रीत आहे. आपल्याकडे लहान मुलाला ‘पुस्तकाला पाय लावत नाहीत’ म्हणतात, त्यातलं ‘लावत नाहीत’ हे थेट याच जातीचं. हुकूम कुणी देत नाही, जग असंच चालतं एवढंच सांगितलं जातं. तीन शब्दांत ती स्वतःभोवती रेघ ओढते, आणि ती रेघ आधीपासूनच तिथे होती असं त्याला वाटतं. त्याचा मान राहतो, तिचं अंग राहतं. वर, स्पॅनिशभाषक लोकांच्या तोंडी ‘से मीरा पेरो नो से तोका’, पाहावं पण हात लावू नये, ही म्हण असतेच. त्यामुळे ऐकणारा अनेकदा हसून पुढचं स्वतःच पुरं करतो आणि हात मागे घेतो.

पैशांच्या वाक्यालाही हीच वळणं. ‘प्रिमेरो से पागा’, आधी पैसे द्यायचे. पुन्हा कर्ता गायब, पुन्हा रीत. मराठी वाचकाला यातला ‘पागा’ ओळखीचा वाटला तर ते बरोबरच आहे. पोर्तुगिजांच्या ज्या ‘पागार’ क्रियापदातून आपला पगार आला, तेच क्रियापद स्पॅनिशमध्येही आहे.

‘मे इन्वितास उन त्रागो?’, मला एक पेय पाजतोस का, या वाक्यामागे मात्र मोठा आणि दुखरा इतिहास उभा आहे. मेक्सिकोच्या कॅबरेंमध्ये ‘फिचेरा’ नावाच्या बायका गिऱ्हाइकासोबत बसून पीत. त्याने घेतलेल्या प्रत्येक पेल्यामागे त्यांना एक बिल्ला, ‘फिचा’, मिळे आणि रात्र संपल्यावर बिल्ले मोजून पैसे. 1975 च्या ‘बेयास दे नोचे’ या चित्रपटाने या बायकांवरच्या विनोदी चित्रपटांची लाटच आणली. त्याआधी, 1940 आणि 1950 च्या दशकांत, तिथे ‘रुम्बेरा’ चित्रपटांचा काळ होता. क्यूबाहून आलेली निनोन सेविया ‘आवेन्तुरेरा’त नाचली ती 1950 मध्ये. तोंगोलेलेसारख्या नर्तिकांना तर तेव्हा ‘एक्सोतिका’ असंच म्हणत. म्हणजे टेक्सासमधली मुलगी अडखळत हे वाक्य म्हणते तेव्हा समोरच्या मेक्सिकन माणसाच्या कानात त्याच्या आजोबांच्या काळापासूनची सगळी पडद्यावरची कॅबरे वाजत असते. तिला ते ठाऊक असावं असं मला वाटतं.

फसवे शब्दही सांगायला हवेत. स्पेनमध्ये ‘कोखेर’ म्हणजे घेणं, पकडणं. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ थेट अश्लील. स्पेनच्या पुस्तकातून शिकलेली नर्तिका ‘माझा हात पकड’ म्हणायला जाईल आणि भलतंच आमंत्रण देऊन बसेल. तिने ‘दामे ला मानो’, हात दे, एवढंच म्हणावं. तसंच ‘आओरीता’. शब्द ‘आत्ता’चं लाडकं रूप, पण मेक्सिकन माणूस ‘आओरीता नो, ग्रासियास’ म्हणाला तर ते सभ्य ‘नको’ आहे. तिने तिथे ताटकळू नये.

लाडाच्या संबोधनांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘मी आमोर’, ‘कोरासोन’, ‘पापी’ ही नावं प्रत्येक वाक्याच्या शेपटीला जोडली जातात आणि त्यांचा पार चोथा होतो. ‘पापी’ क्यूबा-पोर्तो रिकोच्या माणसाला सहज वाटतं. मेक्सिकनाला ‘मी रेय’, माझ्या राजा, जास्त घरचं. आपल्या तमाशात आणि संगीतबारीत यासाठी ‘पाव्हणं’ हा शब्द आहे, आणि तो मला या सगळ्यांहून सरस वाटतो. पाहुण्याचं स्वागत होतं, त्याची थट्टा होते, त्याच्याकडून बिदागीही घेतली जाते. पण पाहुणा उठून आपल्या घरी जाणार हे त्या शब्दातच ठरलेलं असतं. स्पॅनिश शिदोरीत असा शब्द नाही. ‘आमोर’ दार उघडतं, पण बंद करण्याचं काम दुसऱ्या वाक्याला करावं लागतं.

ते दुसरं वाक्य वीस वाक्यांच्या शेवटाकडे येतं. तो विचारतो, ‘आ के ओरा सालेस?’ कितीला सुटतेस? आणि ती म्हणते, ‘एस्तोय त्राबाहांदो.’ मी काम करतेय. बास. प्रश्न होता काम सुटल्यानंतरच्या वेळेबद्दल, उत्तर आलं चालू वर्तमानकाळात. तिने त्याला नाही म्हटलेलं नाही, कारण दिलेलं नाही, नवरा किंवा मित्र पुढे केलेला नाही. फक्त एक वस्तुस्थिती सांगितली, आणि त्या वस्तुस्थितीत उत्तर पुरतं आलं. शिवाय ‘त्राबाहो’ हा शब्द समोरच्या माणसाचा स्वतःचा आहे. तो या देशात आला तोच त्राबाहोसाठी. छपरावर उन्हात उभा राहून तोही दिवसभर हेच करत होता. एक कामगार दुसऱ्या कामगाराला सांगतोय, मी कामावर आहे. बहुतेकांना ते तत्काळ समजतं.

उठताना ‘कोन पेर्मीसो’, आज्ञा असावी. जाताना ‘के ते वाया बिएन’, तुझं भलं होवो. हे शेवटचं शिकवताना जुन्या नर्तिका उच्चारावर फार भर देत नाहीत, आणि ते योग्यच आहे; ते कसंही उच्चारलं तरी पोचतं.

या बायकांच्या बोलण्याची तुलना मी सुरुवातीला नाटकातल्या संवादाशी केली, आणि ती शब्दालंकार म्हणून केली नव्हती. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलीवूड भागातल्या ‘स्टार गार्डन’ या क्लबच्या नर्तिकांनी सुरक्षिततेच्या मागण्यांसाठी दीर्घ लढा दिला. मे 2023 मध्ये त्यांच्या संघटनेवर मतमोजणीत शिक्कामोर्तब झालं. ज्या संघटनेच्या त्या सभासद झाल्या ती 1913 मध्ये स्थापन झालेली, रंगभूमीवरच्या नटनट्यांची ‘अॅक्टर्स इक्विटी’ आहे.